एका शेतात किती शेते?

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकर विसरलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदला गेला तो ७३ मिलिमीटर. दोन्ही पर्जन्यमापकांमधले सरळ अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. आता या दोन आकड्यांची सरासरी काढली तर ती येते ५०९ मिलिमीटर. एवढा पाऊस कुलाब्यालाही पडला नाही आणि सांताक्रूझलाही पडला नाही. गणित म्हणून सरासरी बरोबर आहे, पण तिच्यावर विसंबून कुलाब्याच्या माणसाने होडी बांधायला घेतली असती तर लोक हसले असते, आणि सांताक्रूझच्या माणसाने नुसती छत्री घेतली असती तर तो बुडाला असता.

काटेकोर शेती म्हणजे काय, हे नववी-दहावीच्या वर्गात सांगायचे असेल तर याच उदाहरणापासून सुरुवात करावी, असे आम्हाला वाटते. शाळांमध्ये या विषयावर बोलायला गेले की पहिला प्रश्न ड्रोनचा येतो, दुसरा उपग्रहाचा आणि तिसरा मोबाइलवरून पंप चालू करण्याचा. ही साधने उपयोगाची आहेत यात शंका नाही. पण ती हत्यारे झाली. मूळ विचार इतकाच आहे की एक शेत हे खरे तर एक नसते. त्याच्या एका कोपऱ्यात माती खोल असते, दुसऱ्या कोपऱ्यात उथळ. एकीकडे पाणी साचते, दुसरीकडे ठरत नाही. हे फरक मोजायचे, आणि पाणी, खत, बियाणे त्या त्या तुकड्याच्या गरजेप्रमाणे द्यायचे, सरासरीप्रमाणे नव्हे. ज्या वर्गाला हे कळले त्याला ड्रोन कशासाठी हे आपोआप कळते. ज्याला हे कळले नाही त्याच्या दृष्टीने ड्रोन म्हणजे महागडा पतंग.

हा विचार परदेशातून १९९० च्या सुमारास आला, असे बहुतेक लेखांत वाचायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. शेताचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातली माती वेगळी तपासण्याचे काम आपल्याकडे, पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात, त्याच्या दीडशे वर्षे आधी सुरू झाले होते. त्या कामाचा एक अवशेष लालबाग-परळच्या अनेक घरांत आजही कागदाच्या रूपाने पडून आहे. शिक्षकांनी तो विद्यार्थ्यांकडून मागवावा, यासाठी हा लेख आहे.

इंदापूरची मोजणी

पेशवाई संपल्यावर दख्खनचा शेतसारा ठरवण्याचे काम कंपनी सरकारकडे आले. १८२० च्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने एक पद्धत बसवली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीतून किती पीक येते, त्यासाठी खर्च किती होतो, आणि उरते ते किती, याचा हिशेब करून त्या उरलेल्या रकमेचा ठराविक हिस्सा सरकारने घ्यायचा. कागदावर ही पद्धत फार शास्त्रीय होती. प्रत्यक्षात तिच्यासाठी लागणारे आकडे कोणाजवळ नव्हते, आणि जे गोळा झाले ते भरवशाचे नव्हते. १८३० मध्ये ती लागू झाली आणि थोड्याच वर्षांत इंदापूर भागातले पुष्कळ शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. चुकीच्या आकड्यांवर बरोबर गणित केले की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूरची मोजणी नव्याने हाती घेतली. त्यांनी पिकाचा हिशेब सोडून दिला आणि मातीकडे पाहिले. उत्पन्न दरवर्षी बदलते, पण मातीची खोली बदलत नाही, हा त्यामागचा विचार होता. पुढे १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी मिळून जो संयुक्त अहवाल लिहिला, त्यात ही प्रतबंदीची पद्धत तपशीलवार दिली आहे. ती इतकी सोपी आहे की आजचा आठवीचा विद्यार्थीही वापरू शकेल.

मातीचे तीन वर्ग. पहिला बारीक, एकसारख्या पोताची काळी ते गडद तपकिरी माती. दुसरा त्याहून भरड पण एकसारखी, रंगाने फिकट, बहुधा तांबूस. तिसरा भरड, खडेयुक्त किंवा भुसभुशीत, फिकट तपकिरी ते करडी. मग खोली मोजायची, हातात. एक हात म्हणजे साधारण दीड फूट. पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आणे. (विद्यार्थ्यांना सांगावे लागेल की सोळा आण्यांचा एक रुपया, म्हणजे सोळा आणे म्हणजे पूर्ण.) खोली पाव हाताने कमी झाली की किंमत एक पायरी उतरायची. दीड हाताला १४ आणे, सव्वा हाताला १२, एका हाताला १०, पाऊण हाताला ८, अर्ध्या हाताला ६ आणि पाव हाताला साडेचार. दुसऱ्या वर्गाची माती त्याच खोलीला एक पायरी खाली. तिसरा वर्ग त्याहून खाली, एक हात खोलीला ६ आण्यांपासून सुरू होऊन पाव हाताला २ आण्यांवर संपणारा. अशा एकूण नऊ प्रती.

यानंतर दोष. मातीत चुनखडीचे खडे आहेत का, वाळू मिसळलेली आहे का, जमीन उतरती आहे का, पाणी मुरते की नाही, ओढ्याचे पाणी वरून वाहते का, ओल प्रमाणाबाहेर राहते का. अशा प्रत्येक दोषासाठी एक खूण ठरलेली होती, आणि एक दोष सापडला की प्रत एक पायरी खाली.

आता महत्त्वाचा भाग. प्रत लावणारा कारकून संपूर्ण शेताला एकच प्रत देत नसे. तो शेताची आकृती काढी, तिच्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून भाग पाडी, प्रत्येक भागातली माती खणून पाहून त्या भागाच्या चौकटीत वर्ग, खोली आणि दोषांच्या खुणा मांडी. काटेकोर शेतीच्या आजच्या पुस्तकात जाळी पाडून माती-नमुने घेण्याचे जे चित्र असते, ते या आकृतीहून फारसे निराळे नाही.

एक उदाहरण करून पाहू. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. एका शेताचे चार सारखे भाग पाडले. पहिल्यात काळी माती एक हात, म्हणजे १० आणे. दुसऱ्यात पाऊण हात, ८ आणे. तिसऱ्यात अर्धा हात, ६ आणे. चौथ्यातही अर्धा हात, पण चुनखड असल्यामुळे एक पायरी खाली, म्हणजे साडेचार आणे. बेरीज साडेअठ्ठावीस. चाराने भागले की सात आणे आणि वर एक अष्टमांश. या शेताची प्रत झाली सुमारे सात आणे, आणि त्या गावाच्या कमाल दराला या प्रमाणात कापून शेताचा आकार, म्हणजे सारा, ठरला.

विद्यार्थ्यांनी इथे थांबून विचारायला हवे की ते चार आकडे कुठे गेले? शेतकऱ्याला खरे उपयोगी तेच होते. पहिल्या तुकड्यात रब्बीची ज्वारी निभावेल आणि चौथ्यात निभणार नाही, हे त्या चार आकड्यांत लिहिलेले होते. ते मोजणी खात्याच्या बुकात राहिले आणि शेतकऱ्याच्या हाती आला तो एकच आकडा, तोही किती रुपये भरायचे एवढे सांगणारा. मोजमाप तुकड्यातुकड्याने झाले आणि वापर सरासरीने झाला. कारण मोजणी साऱ्यासाठी होती, पिकासाठी नव्हती.

शेतकऱ्याला स्वतःचे शेत माहीत नव्हते असा याचा अर्थ नाही. उलट प्रत लावणाऱ्या कारकुनापेक्षा त्याला ते जास्त माहीत होते. माळ, मळा, खाचर, पाणथळ, बांधाकडची पट्टी असे शब्द मराठीत आहेत ते काही साहित्यिकांनी पाडलेले नाहीत. फरक एवढाच की त्याचे ज्ञान आकड्यांत नव्हते, आणि आकड्यांत नसलेल्या ज्ञानाला कचेरीत किंमत नव्हती. तीस वर्षांनी जेव्हा फेरमोजण्या होऊन सारे वाढले, तेव्हा त्या वाढीचा बोजा हे १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांमागच्या कारणांपैकी एक मानले गेले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यातही शेतसाऱ्याचा आणि नोकरशाहीचा हा भार केंद्रस्थानी आहे. नेमके मोजणे ही आपोआप चांगली गोष्ट होत नाही. कोण मोजतो आणि कोणासाठी, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. ड्रोनबद्दलही.

चाळीतला सातबारा

लालबाग, परळ, शिवडी, गिरगाव या भागांत गिरणीत, गोदीत, छापखान्यांत काम करायला आलेली माणसे कोकणातली, साताऱ्याची, कोल्हापूरची, पुण्याच्या मावळ-जुन्नरची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो लांबला, तेव्हा अनेक कुटुंबे गावच्या तुकड्यावर परतली. जी राहिली त्यांचाही गावाशी संबंध तुटला नाही. आजच्या शाळकरी मुलाच्या आजोबांचे, आजीचे, कधी खुद्द वडिलांचे नाव गावच्या सातबारा उताऱ्यावर असते. हा उतारा आता संगणकावरही पाहता येतो.

या उताऱ्यावर क्षेत्र दिलेले असते आणि शेजारी ‘आकार’ किंवा ‘आकारणी’ म्हणून रुपये-पैशांत एक बारीकशी रक्कम असते. ती इतकी किरकोळ असते की कोणी तिच्याकडे पाहत नाही. पण ती रक्कम म्हणजे जुन्या मोजणीत आणि फेरमोजणीत त्या शेताच्या मातीला मिळालेले गुण आहेत. आकाराला क्षेत्राने भागले की हेक्टरी आकार मिळतो. एकाच गावातल्या पाच-सात गटांचा हेक्टरी आकार काढून गावाच्या नकाशावर रंगवला, तर जमीन कुठे खोल आणि कुठे उथळ आहे याचा, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी खणून पाहिलेला, अंदाज वर्गातल्या भिंतीवर उमटतो. शेजारी ‘पोटखराब’ असा रकाना असतो, तो म्हणजे शेताच्या पोटातला लागवडीस निरुपयोगी भाग. एका शेतात अनेक शेते असतात हे महसूल खात्याला किती आधीपासून मान्य होते, याचा तो पुरावाच आहे.

हा प्रयोग करताना काही पथ्ये पाळावी लागतात. तुलना एकाच गावातली करावी, कारण कमाल दर गावांच्या गटागटाप्रमाणे ठरलेले होते आणि त्यात हवामान, बाजारपेठेचे अंतर अशा गोष्टी धरलेल्या होत्या. माणच्या शेताची कराडच्या शेताशी तुलना केली तर मातीऐवजी बाजारच मोजला जाईल. कोकणात भात, बागायत आणि वरकस यांचे दर निराळे, म्हणून भाताची जमीन भाताशीच ताडून पाहावी. जिथे एकत्रीकरण होऊन जुने सर्व्हे नंबर गटांत मिसळले आहेत, तिथे एका गटात दोन जातींची जमीन असू शकते. आणि उताऱ्यांवरची नावे वर्गात वाचण्याचे काही कारण नाही. वाटण्या, भाऊबंदकी, बोजे हे सारे त्या कागदावर असते. आपल्याला दोनच आकडे हवेत, तेवढे विद्यार्थ्याने घरी उतरवून आणावेत.

याच सुमारास एखादा विद्यार्थी विचारील की वर्तमानपत्रात ‘आणेवारी’ किंवा ‘पैसेवारी’ येते ती हीच का? ती ही नव्हे. ती त्या हंगामातल्या पिकाची, नेहमीच्या पिकाच्या तुलनेत केलेली अजमावणी. पण सोळा आण्यांत मोजायची सवय तीच.

एक एकर, पाचशे तुकडे

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १९१० च्या हंगामात मर्सर आणि हॉल या दोघांनी वरवर पाहता निरर्थक वाटणारे एक काम केले. डोळ्यांना अगदी एकसारखा दिसणारा गव्हाचा एक एकर त्यांनी निवडला. सगळीकडे एकच बियाणे, एकच मशागत. कापणीच्या वेळी त्याचे पाचशे सारखे तुकडे पाडून प्रत्येकाचे धान्य वेगळे तोलले. सर्वांना सारखेच वागवले असताना उत्पन्न एका तुकड्यात २.७३ पौंड तर दुसऱ्या एका तुकड्यात ५.१६ पौंड निघाले. जवळजवळ दुप्पट!

त्यांना काटेकोर शेती करायची नव्हती. शेतावरच्या प्रयोगांत चूक किती येते हे त्यांना पाहायचे होते. समजा एका तुकड्याला नवे खत घातले, शेजारच्याला घातले नाही आणि उत्पन्नात फरक पडला, तर तो खताचा की मातीचा? पुढे १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर रॉथॅमस्टेडला आले आणि कोणत्या तुकड्याला कोणते खत द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची, म्हणजे यादृच्छिकीकरणाची, पद्धत त्यांनी उभी केली. त्या काळच्या संशोधकांच्या दृष्टीने शेतातला फरक हा शत्रू होता, त्याला निष्प्रभ करायचे होते. त्याच फरकाला कामाला लावण्याचा विचार अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या लिन्स्ली आणि बॉवर यांनी १९२९ मध्ये शेतकऱ्यांसाठी काढलेल्या एका पत्रकात दिसतो. शेतात ठराविक अंतरावर मातीचे नमुने घ्या, आम्लतेचा नकाशा काढा आणि नकाशात जिथे गरज आहे तिथेच चुना टाका, असे त्यांनी सांगितले. पण तो काळ ट्रॅक्टरचा होता. यंत्राला मोठे, सलग शेत आणि सगळीकडे एकच मात्रा सोयीची. पत्रक मागे पडले. १९८० नंतर संगणक स्वस्त झाले, उपग्रहांवरून जागा ठरवता येऊ लागली, आणि २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतांतली मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली, तेव्हा यंत्रालाही शेताचा कोपरा ओळखता येऊ लागला. मग जुनाच विचार नव्या नावाने परत आला.

सुखात्म्यांची चौकट

आपल्याकडे या प्रश्नाशी ज्यांनी टक्कर घेतली त्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. लंडनला सांख्यिकीचा अभ्यास करून आलेल्या सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात पीक-कापणी प्रयोगांची पद्धत देशभर बसवली. गावे, शेते आणि शेतातली जागा चिठ्ठ्यांच्या तत्त्वाने निवडायची, ठराविक मापाची चौकट आखायची, तिच्यातले पीक कापून तोलायचे. व्ही. जी. पानसे यांच्यासह त्यांनी शेती-संशोधकांसाठी लिहिलेले सांख्यिकीचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

चौकट केवढी असावी यावर सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात बराच वाद झाला. महालनोबिसांचा कल लहान वर्तुळांकडे होता. लहान वर्तुळे झटपट कापता येतात, म्हणून पुष्कळ घेता येतात. सुखात्म्यांनी दाखवून दिले की लहान तुकड्यांतून उत्पन्न फुगून येते, कारण सीमारेषेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हे ठरवताना माणसाचा हात नकळत आत ओढतो. हा मुद्दा वर्गात फळ्यावर सिद्ध करता येतो. ३३ फूट गुणिले साडेसोळा फुटांच्या चौकटीची परिमिती ९९ फूट आणि क्षेत्रफळ ५४४.५ चौरस फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे सीमारेषा ०.१८ फूट. चार फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे २५.१ फूट, क्षेत्रफळ ५०.३ चौरस फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे अर्धा फूट. सीमारेषेवरच्या चुकीला इथे पावणेतीन पट वाव. परिमिती आणि क्षेत्रफळ हा धडा इतक्या उपयोगाचा असेल असे विद्यार्थ्यांना सहसा वाटत नाही.

या पद्धतीचे काम जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे उत्पन्न सांगण्याचे, आणि ते ती चोख करते. अडचण सुरू होते ती हा आकडा एकेका शेतकऱ्यावर लावला की. १९७२ मध्ये गुजरातेतल्या एच-४ कापसासाठी प्रत्येक शेतकऱ्याच्या नुकसानीप्रमाणे विमा देऊन पाहिला गेला. तो खर्चिक ठरला. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी १९७६ मध्ये सुचवले की एका जातीच्या हवामानाचा प्रदेश धरावा, त्याचे उत्पन्न पीक-कापणीने काढावे आणि ते घसरले तर तिथल्या सर्वांना सारखीच भरपाई द्यावी. १९७९ पासून त्याप्रमाणे प्रयोग झाले, आणि २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा पायाही तोच आहे. आम्हाला दांडेकरांचा युक्तिवाद आजही पटतो, कारण लाखो शेते एकेक करून तपासणे तेव्हा अशक्यच होते. पण त्यांची अट ‘एका जातीचा प्रदेश’ ही होती. मंडळाच्या एका टोकाला पाऊस झाला आणि दुसरे टोक कोरडे राहिले, तर कोरड्या टोकाच्या शेतकऱ्याला सरासरी सांगते की तुझे काही बिघडलेले नाही. कुलाबा आणि सांताक्रूझ यांचे उदाहरण इथे पुन्हा आठवावे.

मृद आरोग्य पत्रिकेचेही असेच झाले. २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा बागायती भागात अडीच हेक्टरांच्या चौकोनातून आणि जिरायती भागात दहा हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना घ्यायचे ठरले. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातले सरासरी वहिवाट क्षेत्र १.३४ हेक्टर आहे. म्हणजे जिरायती भागातल्या एका चौकोनात सरासरी सात शेतकरी बसतात आणि सातांनाही मिळते ती एकाच खड्ड्याच्या आसपासची माती. विंगेटचा कारकून एका शेताचे अनेक भाग पाडी. आपण अनेक शेतांचा एक भाग केला. २०१९-२० मध्ये निवडक गावांत प्रत्येक शेताचा नमुना घेण्याचा उपक्रम झाला, तो या दृष्टीने बरोबर दिशेचा होता. शाळांमध्ये माती-प्रयोगशाळा सुरू करण्याचेही प्रयत्न आता होत आहेत. पण प्रयोगशाळा असो वा नसो, नमुना कुठून आणि किती ठिकाणांहून घ्यायचा, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती उत्तम यंत्रही सरासरीच देणार.

गच्चीवरचे रॉथॅमस्टेड

दादर-परळच्या शाळेने शेत कुठून आणावे? खेतवाडी हे नाव गिरगावात आजही आहे, केळेवाडी, आंबेवाडी, फणसवाडीही आहेत, पण त्यांत शेत, केळी, आंबे आणि फणस नाहीत. पश्चिम भारताच्या कृषि-उद्यान संस्थेची बाग एके काळी शिवडीला होती. १८६० च्या दशकात तिथे दफनभूमी झाली आणि बागेचे काम भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे गेले. तेव्हा गच्चीच उरते, आणि आमच्या मते ती पुरेशी आहे.

श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी हे फार पूर्वी ओळखले होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या या माणसाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला, आणि तासगावच्या द्राक्षबागाईतदारांपासून गच्चीवर भाजी लावणाऱ्या गृहिणींपर्यंत अनेकांना पान, ऊन, माती आणि पाणी यांचा हिशेब मांडायला शिकवले. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकेल, हा त्यांचा दावा वादाचा राहिला. पण शेतकऱ्याने स्वतः मोजावे, लिहावे आणि एकमेकांना कळवावे, ही त्यांची पद्धत वादातीत आहे. विंगेटच्या मोजणीत जे राहून गेले होते ते दाभोलकरांनी नेमके केले. त्यांच्या पद्धतीत आकडे शेतकऱ्याकडेच राहिले.

प्रयोग असा. चहाचे एकाच मापाचे ६४ पेले घ्यावेत, प्रत्येकाच्या तळाला भोक पाडावे. माती आणि शेणखत चाळून एकाच घमेल्यात नीट कालवावे, म्हणजे मातीचा फरक उरणार नाही, आणि प्रत्येक पेल्यात २०० ग्रॅम तोलून भरावे. प्रत्येकी दहा मेथ्या. गच्चीवर खडूने आठ गुणिले आठ चौकोन आखावेत. कोणता पेला कुठल्या चौकोनात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. ज्या कोपऱ्यात चांगले ऊन आहे तिथे आपल्या गटाचा पेला ठेवण्याचा मोह मुलांना होणारच, आणि चिठ्ठ्या कशासाठी हे त्यांना तेव्हाच समजते. रोज सकाळी, पाणी घालण्यापूर्वी, प्रत्येक पेला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन लिहावे. मग सर्वांना सारखेच, समजा १५ मिलिलिटर, पाणी औषधाच्या पिचकारीने द्यावे. दुसरे काहीही करू नये.

पाण्याचे एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. त्यामुळे आदल्या दिवशी पाणी दिल्यानंतरच्या वजनातून आजचे वजन वजा केले की त्या पेल्याने चोवीस तासांत किती पाणी गमावले ते थेट मिळते. हे ६४ आकडे चौकोनी कागदावर मांडावेत, सारखे आकडे रेषेने जोडावेत. कठड्याजवळची रांग, पाण्याच्या टाकीची सावली, समुद्राकडून येणारा वारा हे सारे त्या कागदावर दिसू लागते. गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरची सावली दुपारी गच्चीवरून सरकत असेल, तर तिचा पट्टाही दिसेल. नववीच्या गणितातले सांख्यिकीचे प्रकरण इथे वापरावे. सरासरी काढावी, मग सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक काढावा, आणि सरासरीइतके पाणी खरोखर किती पेल्यांना लागले ते मोजावे.

दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या पेल्यांना पूर्वीप्रमाणे सारखे पाणी द्यावे आणि अर्ध्यांना ज्याने जितके गमावले तितकेच. अर्धे कोणते, हे पुन्हा चिठ्ठ्यांनीच. दोन्ही गटांना एकूण पाणी किती लागले आणि पंधराव्या दिवशी रोपांची उंची किती भरली, याची तुलना करावी. निकाल काय येईल ते आम्ही सांगत नाही, कारण तो गच्चीगणिक निराळा येतो. शिवाय मुले आधी सांगितलेले उत्तर मोठ्या प्रामाणिकपणे शोधून काढतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

प्रयोगाला दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दिवस चांगले. पावसाळ्यात वजने बिघडतात आणि एप्रिलच्या उन्हात मेथी टिकत नाही. वजन करणारी मुले रोज बदलावीत, पण काटा बदलू नये, आणि नोंदवहीत वेळ लिहायला विसरू नये. एखादा पेला सतत मागे पडत असेल तर तो आणि चांगला वाढणारा पेला यांची जागा आपापसांत बदलून आणखी पाच दिवस मोजावे. मागे पडण्याचे कारण त्या कोपऱ्यात होते की त्या पेल्यात, ते यावरून ठरवता येईल.